इची, नी, सान आणि जोर-बैठका

नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. हिंदुराव. घेतलं. सासूबाई असत्या तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता, पण एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसायचं आणि पानभर ‘आमचे हे, आमचे हे’ करत राहायचं, हे मला जमायचं नाही.

हिंदुराव मूळचे कोल्हापूरचे, मी इस्लामपूरची. पोटासाठी पिंपरी-चिंचवडला आलो आणि इथलेच झालो. निगडीजवळ यमुनानगरात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि लोकांचे ब्लाउज, मागच्या खोलीत आम्ही, आणि दाराआड जाळीत भरून टांगलेले फुटबॉल. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला वाटतं, यांनी कलिंगडं साठवलीत. हिंदुराव चाकणला एका जपानी मालकाच्या कंपनीत लाइन लीडर आहेत. स्वभाव गरीब. फक्त चहा गार झाला किंवा कुणी वेळ चुकवली, की मग बघायला नको.

आता त्यांची खोड सांगते. हा माणूस पळत नाही. कंपनीची बस चौकातून हललेली असो, आतले सगळे ‘अहो लीडर, चला की’ म्हणून ओरडत असोत, हे आपले देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे चालत येणार. एकदा गच्चीवरून एका बाईचं पैठणीचं ब्लाउजपीस वाऱ्यानं उडालं आणि थेट रस्त्यावर गेलं. मी वरून जिवाच्या आकांतानं ओरडतेय, आणि हे जिना एकेक पायरी मोजत उतरतायत. ब्लाउजपीस वाचलं ते एका रिक्षावाल्यामुळे. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली असतील, पण या माणसाला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि असा माणूस पोरांना फुटबॉल शिकवतो म्हटल्यावर लोक हसायचे. मी हसत नसे, कारण मला त्यामागचं माहीत होतं.

तरुणपणी हिंदुराव त्यांच्या पेठेच्या संघातून खेळायचे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दोन पेठांची मॅच असली की तिथं सोयरिकीची बोलणीसुद्धा पुढं ढकलतात. तर मोठ्या संघाच्या निवडीचा दिवस होता. हे मित्रांबरोबर टपरीवर गप्पा हाणत बसले होते. नाव पुकारलं तसे उठले आणि थेट मैदानात उतरले. अंग गार. पहिल्याच धावेला मांडीच्या मागची शीर तुटली. घरच्यांनी गल्लीतल्या एका चोळणाऱ्याकडे नेलं. त्यानं कढत तेल लावून असं रगडलं की उरलंसुरलंही गेलं. पाय पुढे बरा झाला, भीती मात्र राहिली. आयटीआय केलं, इकडे नोकरी लागली, संसार झाला, पण पळायचा प्रसंग आला की यांचा हात आपोआप मांडीमागे जातो. एवढंच आहे ते. त्यांनी मला हे लग्नानंतर फार उशिरा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, “आता परत इचारू नगंस.” मी विचारलं नाही.

त्यांच्या कंपनीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे कामगार आपापल्या लाइनवर उभे राहतात. भोंग्यावर पियानोचं संगीत लागतं आणि एकजण पुढे उभा राहून व्यायाम घेतो. हात वर, कमरेत वाक, मान फिरव, पाय ताण. आकडे जपानी. इची, नी, सान, शी. म्हणजे आपले एक, दोन, तीन, चार. हे आकडे म्हणायचा मान आमच्या घरच्यांचा. कोल्हापुरी हेल काढून ते ‘इचीऽऽ, नीऽऽ’ असं म्हणतात की एकदा आलेले जपानी साहेब हसू दाबायला मान वळवून उभे राहिले होते, असं यांचे मित्र सांगतात. हे म्हणतात, साहेबांना शिंक येत होती.

शीर तुटलेल्या माणसाच्या हातात हा व्यायाम पडल्यावर काय होणार? त्यांना वाटलं, हेच ते औषध. हे तेव्हा आपल्याला कुणी दिलं असतं तर! आणि मग त्यांनी ते पोरांना द्यायचं ठरवलं.

मैदान दिलं ते मारुतरावांनी. मारुतराव म्हणजे जुन्या गावठाणातले पैलवान, सगळे त्यांना आबा म्हणतात. शेती प्राधिकरणाच्या वसाहतीत गेली, मुलं टेम्पोच्या धंद्यात शिरली, आणि आबा राहिले तालमीपाशी. तालमीत हल्ली पैलवान कमी आणि कबुतरं जास्त. शेजारी मोकळी जागा आहे, जत्रेला तिथं कुस्त्या होतात, बाकी वर्षभर गवत. आबांची नात तनुजा. आठवीतली पोर, अंगानं काडी, पण पायात बॉल आला की कुणाला सापडायची नाही. तिनंच आजोबांच्या मागे लागून ती जागा मिळवली. आबांनी हो म्हटलं, पण पहिल्याच दिवशी हिंदुरावांना ऐकवलं, “मास्तर, खेळवा. पण लाथा मारायला ताकद लागती. ती असल्या पियानोनं यायची न्हाई. जोर-बैठका पायजेत.”

“आबा, लहान पोरं हाईत,” हिंदुराव म्हणाले. “आधी अंग मोकळं हू दे त्यांचं.”

“आमी काय म्हातारपणी सुरू केल्या व्हत्या काय बैठका?”

झालं. त्या दिवसापासून मैदानाच्या एका टोकाला मोबाइलवर पियानो आणि दुसऱ्या टोकाला तालमीच्या ओट्यावर बसून मिशीला पीळ भरणारे आबा. हिंदुरावांना फर्स्ट शिफ्ट असली की सराव संध्याकाळी, सेकंड असली की सकाळी. दहा-पंधरा मुलंमुली ओळीत उभी राहून जपानीत मोजायची. गावठाणातल्या बायका पाण्याचा टँकर आला तरी जाग्यावरून हलायच्या नाहीत, एवढी करमणूक.

डिसेंबरातली एक सकाळ. रावेतच्या एका अकॅडमीबरोबर मॅच होती. समोरची पोरं एकसारख्या निळ्या कपड्यांत, बॅगांवर प्रत्येकाचं नाव छापलेलं. आमच्या पोरांचे टी-शर्ट मी शिवलेले, त्यातही दोघांचं कापड कमी पडलं म्हणून बाह्या वेगळ्या रंगाच्या. समोरचा संघ तालेवार दिसतोय म्हटल्यावर हिंदुरावांनी व्यायामाचा डोस वाढवला. दवानं भिजलेल्या गवतावर पोरांना बसवलं आणि प्रत्येक ताण दुप्पट वेळ धरायला लावला. वाका, धरा, धरून ठेवा. पियानो वाजतोय. थंडी अशी की बोलताना वाफ निघतेय. आमचा गोलकीपर समर्थ पायाचे अंगठे धरून तसाच डोळे मिटून बसला. मला वाटलं ध्यान करतोय. तो झोपला होता.

शिट्टी झाली, तनुजाकडे पहिलाच लांब पास आला. ती सुसाट निघाली आणि मध्येच तिचा हात मांडीमागे गेला. मला पुढचं बघवलं नाही. ती खाली बसली. हिंदुराव मैदानात गेले, चालतच गेले, चेहरा पांढराफटक. मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत आहे, तसा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

आबा मागोमाग पोचले. “ताणून ताणून तोडली का न्हाई पोरगी?” असं म्हणून त्यांनी तिला उचललं आणि थेट तालमीत नेलं. तेल गरम केलं. पैलवानाचा हात तो, रगड रगड रगडलं. तनुजा ओठ चावून पडून राहिली. हिंदुराव दारात उभे होते. तेल नको, रगडू नका, हे शब्द त्यांच्या तोंडावर आलेले मला दिसत होते. यांच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण चूक आपलीच म्हटल्यावर माणसाची जीभ उचलत नाही. संध्याकाळी पोरीची मांडी काळीनिळी होऊन सुजली.

त्या आठवड्यात हिंदुरावांच्या मोबाइलवर पियानो वाजला नाही. ताटातलं तसंच राहायचं. एकदा भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, “विजा, माझं जे झालं, ते मी त्या पोरीला माझ्या हातानं दिलं बग.” मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, “अहो, तुटलेलं नाही, दुखावलंय. आणि तुमच्याएवढीच मेहनत आबांच्या तेलानंही केलीय.” त्यांनी भाकरी मात्र संपवली.

आता मैदान आबांच्या हातात आलं. त्यांनी पियानो बंद केला आणि पोरांना तालमीपुढे ओळीत उभं केलं. जोर. बैठका. मग पुन्हा जोर. हिंदुराव कडेला उभे राहून नुसते बघायचे. तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. पोरं पहिल्या दिवशी खूश होती, दंड फुगवून एकमेकांना दाखवत होती. दुसऱ्या दिवशी समर्थची आई ब्लाउज न्यायला आली आणि माझ्यापाशी बसून म्हणाली, “वैनी, काय सांगू, पोरगं संडासात बसलं तर उठंना झालंय. बापाला आत जाऊन उचलावं लागलं.”

आबांचं म्हणणं, दुखतंय म्हणजे ताकद येतेय. म्हणून पुढच्या मॅचच्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांनी सगळ्यांकडून दाबून बैठका काढून घेतल्या. कुस्तीला उतरायच्या आधी ते स्वतः तसंच करायचे म्हणे. मग काय, पोरं मैदानात लाकडी बाहुल्यांसारखी फिरत होती. वळायचं तर अख्खं अंग वळवायची. एक बॉल अगदी हळू, रांगत म्हणावा असा, समर्थच्या दोन पायांमधून गेला. त्याला तो दिसत होता. पण वाकताच येईना. तो बॉलला ‘थांब की रे’ म्हणाला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. किती गोल झाले ते मी इथं लिहीत नाही, पोरांची लाज माझ्याही वाट्याची आहे.

ओट्यावर आबा बसले होते. मिशीला हातसुद्धा लावला नाही.

मी ठरवलं, बास. प्रीतम म्हणून एक फिजिओथेरपिस्ट आहे, प्राधिकरणात त्याचा छोटा दवाखाना आहे. त्याच्या आईचे ब्लाउज मी शिवते. तनुजाला तिकडं घेऊन गेले आणि ह्या दोन गृहस्थांनाही सोबत ओढलं. बाकड्याच्या एका टोकाला हिंदुराव, दुसऱ्या टोकाला आबा, मध्ये मी. सोयरीक मोडायला आलेल्या दोन व्याह्यांसारखे बसले होते दोघे.

प्रीतमनं तनुजाचा पाय तपासला, हलवून पाहिला, मग दोघांकडून सगळं ऐकून घेतलं. पोरगा हुशार. आधी हिंदुरावांकडे वळला.

“काका, तुमचा व्यायाम छान आहे. पण तो आठ तास उभं राहणाऱ्या माणसांसाठी आहे, सुसाट सुटणाऱ्या पोरांसाठी नाही. खेळायच्या आधी अंग गरम पाहिजे, झोपाळू नको. हळू पळायचं, उड्या, पाय पुढं-मागं झुलवायचे. धरून ठेवायचे ताण खेळ संपल्यावर, अंग गरम असताना.”

आबांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात प्रीतम त्यांच्याकडे वळला.

“आणि आबा, ही शीर पुढं वाचवायची तर ताकदच लागणार. तुमच्या बैठका पाहिजेतच. पण मोजक्या, हळू, एक दिवसाआड. मॅचच्या दिवशी नाही, आदल्या दिवशीही नाही. ताकद आराम करताना भरते. नुसती ताकद केली तर पाय आखडतो, नुसतं ताणलं तर पाय ऐन वेळी सोडून देतो. दोन्ही एकत्र करा.” मग म्हणाला, “आणि ताज्या दुखापतीला तेल लावून रगडायचं नाही. बर्फ.”

आबा छताच्या पंख्याकडे बघायला लागले. हिंदुराव फरशीकडे. मी दोघांकडे बघत होते आणि खरं सांगते, मला मजा येत होती.

“मला खेळायचंय,” तनुजा म्हणाली.

आबांनी घसा खाकरला. “खेळ. पर आता ऐक माझं. हा डागदर सांगतोय तसं समदं करायचं. आन त्याउपर पुन्यांदा पाय दुखावला, तर खेळ बंद. तुजी बुटं मी सोता हिरीत टाकीन. मला न्हाई बघवत तुजं तसलं.” त्यांच्या धाकापुढे घरात कुणाचं चालत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तनुजाचा फुटबॉल आता त्या एका शिरेवर लटकलेला होता.

त्यानंतरचे महिने मात्र बघण्यासारखे होते. वाटणी अशी झाली: सुरुवातीचं अंग गरम करणं हिंदुरावांचं, एक दिवसाआड ताकद आबांची, आणि खेळ संपल्यावर गवतावर पसरून ताण देणं पुन्हा हिंदुरावांचं. पियानो आता शेवटी वाजायचा. भांडण राहिलंच होतं, ते आकड्यांवरून. हिंदुराव ‘इची, नी’ म्हणायचे, आबा ‘एक, दोन, शाब्बास वाघा’ म्हणायचे, आणि समर्थ ‘इची, नी, तीन, शाब्बास’ असं काहीतरी मोजायचा.

प्रीतमनं मांडीच्या मागच्या शिरेसाठी एक खास व्यायाम दाखवला होता. गुडघ्यावर उभं राहायचं, मागून कुणीतरी दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, जितकं सावरता येईल तितकं. शेवटी हात टेकायचे. घोटे धरायचं काम आबांनी घेतलं. आबांच्या वजनाखालून घोटा सुटणं शक्यच नव्हतं. पण पोरं घाबरायची, पुढे झुकायला तयार होईनात. म्हणाली, “सर, आधी तुम्ही करून दाखवा.”

हिंदुराव आखाड्याच्या लाल मातीत गुडघ्यावर बसले. आबांनी घोटे दाबले. हे पुढे झुकले आणि पुढच्याच क्षणी नाक मातीत. पोरं खिदळली. आबा म्हणाले, “मास्तर, मातीला नमस्कार वरनंच करायचा असतो.” पण हिंदुराव पुन्हा गुडघ्यावर आले. दर वेळी पोरांआधी स्वतः करायचे. बैठका, तोल सांभाळणं, झुकणं, शेवटचे ताण, सगळं. एका पायावर उभं राहताना सुरुवातीला हेलकावे खायचे, पुढे खांबासारखे उभे राहू लागले. मला त्यांच्या पँट्स कमरेत आत घ्याव्या लागल्या आणि मांडीत सोडाव्या लागल्या. फक्त पळायचं आलं की ते शिट्टी वाजवून कडेला व्हायचे. हात मांडीमागे. ते काही सुटलं नाही.

तनुजा हळूहळू चालायला, मग दुडकायला, मग पळायला लागली. आबा रोज तिच्या पावलांकडे बघायचे. मी त्यांना कधी देवापुढे एवढं टक लावून बसलेलं पाहिलं नाही.

परीक्षा झाल्यावर प्राधिकरणातल्या मैदानावर स्पर्धा झाली. आमची पोरं पडत-झडत शेवटच्या मॅचपर्यंत पोचली आणि समोर कोण, तर तोच रावेतचा निळा संघ. मैदानाबाहेर रसाची गाडी, भेळेची गाडी, सोसायट्यांमधले लोक खुर्च्या घेऊन आलेले. मॅचआधी निळी पोरं उभी होती आणि आमची पोरं उड्या मारत, पाय झुलवत घामाघूम झाली होती. समर्थ टक्क जागा होता.

दोघांचा एकेक गोल झाला होता. तनुजाला हिंदुरावांनी मुद्दाम उत्तरार्धात उतरवलं, आणि उतरवण्याआधी तिच्याकडून पुन्हा सगळं अंग गरम करून घेतलं. हिंदुराव कडेच्या या टोकाला, आबा त्याच कडेच्या पलीकडच्या टोकाला काठी टेकून. मी मध्ये खुर्चीत. मला मॅच कळते थोडी, पण त्या दिवशी मी त्या दोघांनाच पाहत होते.

वेळ संपत आली होती. मागून लांब पास आला. अगदी डिसेंबरात आला होता तसाच, त्याच बाजूला. तनुजा निघाली. एकाला चुकवलं, दुसऱ्याला मागं टाकलं, आणि पूर्ण पाय लांब करून तिनं बॉल मारला. त्याच झोकात ती घसरली आणि गोलच्या तोंडाशी आडवी पडली. मैदानभर आरडाओरडा. पोरं नाचतायत, समर्थ स्वतःचा गोल सोडून अर्ध्या मैदानापर्यंत आलाय.

ती मात्र उठेना.

आबांनी काठी टाकली आणि धोतर सावरत धावले. चार पावलं गेले असतील, तोच “आय आय आय” करत मांडी धरून जागेवर थांबले. आणि त्यांच्या बाजूनं, त्यांना मागं टाकत, एक माणूस धावत गेला. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. अंग पुढे झुकलेलं, हात जोरात हलतायत. सगळं मैदान पार करून तो तनुजापाशी पोचला आणि गुडघ्यावर बसला. ते हिंदुराव आहेत, हे माझ्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. मी खुर्चीवरून उठले होते आणि मला कळलंच नाही.

“पाय? पाय कसा हाय? बोल की!”

“सर, पायाला काय नाही. बूट निघालाय माझा. त्या जाळीत अडकलाय, तोच ओढत होते,” तनुजा म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “गोल झाला ना?”

“झाला का?” हिंदुरावांनी विचारलं. त्यांनी बॉल पाहिलाच नव्हता. आबांनीही नव्हता. अख्ख्या मैदानानं गोल पाहिला, त्या दोघांनी फक्त एक पाय पाहिला.

मग मैदानाच्या कडेशीच मांडी धरून बसलेल्या आबांकडे सगळे वळले. कुणीतरी म्हणालं, तेल आणा. तनुजा एका पायात बूट घालून तिथं येऊन उभी राहिली.

“तेल न्हाई लावायचं,” ती म्हणाली. “समर्थ, रसाच्या गाडीवरनं बर्फ आण.” बर्फ आला. तिनं तो आजोबांच्या मांडीमागे दाबून धरला. आबा कळवळले. ती शांतपणे म्हणाली, “आबा, गार अंगानं पळलात ना? पाय दुखावला त्याचा खेळ बंद, तुमीच म्हणला व्हता. काठी टाकू का हिरीत?”

आबा हसायला लागले. हसताना मांडी ओढली की ओरडायचे, मग पुन्हा हसायचे. डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं होतं की कशाचं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. “व्हय गं बाय,” म्हणाले, “उद्यापास्नं मला बी उभं कर तुज्या रांगंत. मोजायला तुजा तो जपान बी चालंल.”

संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. माझ्या मांडीवर पोरांचा चषक. हिंदुराव गोलाचंच सांगत होते, म्हणजे पोरांनी त्यांना सांगितलेला गोल मला सांगत होते. मी म्हटलं, “अहो, तुम्ही पळालात.”

“कवा?”

“तनुजा पडली तेव्हा. सगळं मैदान.”

“मी? न्हाई गं. चालतच गेलो असणार.”

“मी बघितलं. आबांना मागं टाकून गेलात.”

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी स्कूटर कडेला घेतली. प्राधिकरणातला रुंद रस्ता, कडेला झाडं, रहदारी बेताची. स्कूटर स्टँडवर लावली आणि उतरून हात मांडीमागे नेला. दाबून पाहिलं, सोडून पाहिलं, पाय हलवून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कसं लिहू? वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीचं दार सहज लोटल्यावर उघडावं, तसं काहीतरी.

“दुखत न्हाई, विजा.”

“मग?”

“थांब तू इथं,” ते म्हणाले. दहा पावलं पुढे गेले, आणि परत आले. मला वाटलं, हिंमत होत नाही. तर म्हणाले, “असं गार अंगानं न्हाई पळायचं. आधी गरम हुतो.”

आणि भर रस्त्यात त्यांनी सुरू केलं. जागेवर उड्या. एक पाय झुलव, दुसरा झुलव. इची, नी, सान, शी. निगडीला निघालेली बस आमच्याजवळून गेली, खिडकीतली माणसं माना वळवून बघत होती. एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी चषक छातीशी धरून उभी राहिले आणि त्यांच्याबरोबर आकडे मोजले.

मग ते पळाले. पुढच्या चौकापर्यंत गेले आणि तिथून वळून, पळतच, माझ्याकडे परत आले.